किल्ल्याकडे पाठ करून

मंगळवार, ४ मे
हॉटेलची खोली, रस्त्याच्या बाजूची

प्रिय शिपाई,

आम्ही हरवलेलो नाही, पळून गेलेलो नाही आणि आमचं डोकंही फिरलेलं नाही. निदान माझं तरी नाही. पळायला माझे गुडघे उरलेत कुठे? रीतसर तिकीट काढून, खिडकीची जागा भांडून मिळवून, आम्ही ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीच्या बसने आलो आहोत. किल्ले, चर्च आणि युद्धस्मारकं. माहितीपत्रकात ‘आरामदायी प्रवास’ असं छापलं होतं. माझ्या सीटची पाठ मागे जात नाही आणि पुढच्या बाईंची पाठ माझ्या मांडीवर येते. बाकी उत्तम.

फोन मी मुद्दाम बंद ठेवलाय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात गेली. आता थोडे दिवस मला कुणी कुणाशी जोडू नये. शिवाय फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. पत्रात ती सोय नाही. म्हणून पत्र.

तुला राग आला असेल. येऊ दे. मलाही आलाय, आणि माझा तुझ्या आधीचा आहे.

तू म्हणशील, आई, खाट पंधरा तारखेपासून राखून ठेवलीय, कागदांवर फक्त तुझी सही बाकी आहे, आणि तू बाबांना घेऊन सहलीला जातेस? हो, जाते. ते विसराळू म्हाताऱ्यांचं घर पाहायला तू आम्हाला घेऊन गेलीस तेव्हा मी गप्प होते, त्याचा अर्थ तू होकार असा लावलास. मी गप्प होते कारण मी मोजून-मापून पाहत होते. स्वच्छ आहे, कबूल. पडदे इस्त्रीचे आहेत. दाराला आकड्यांचं कुलूप आहे. आणि ती व्यवस्थापिका, जिचं हसू तिच्या ओळखपत्रावर छापल्यासारखं होतं, तिने रिकाम्या भिंतीकडे हात करून म्हटलं, “इथे आपण किल्ल्याचं एक मोठं चित्र लावू या. काकांना ओळखीचं वाटेल.” तू मान डोलावलीस. वर म्हणालीस, “कल्पना छान आहे.”

ज्या माणसाने गाइड म्हणून हयातभर जगाला किल्ला दाखवला त्याला तुम्ही किल्ल्याचं चित्र दाखवणार! त्याच क्षणी मी ठरवलं. चित्र कशाला? मी त्याला किल्ला दाखवते.

दुसरं कारण तुला माहीत नाही, कारण तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात तू म्हणालीस, “आई, त्यांना आता काहीही कळत नाही.” तुझे बाबा तिथेच बसले होते, तुझ्यापासून हातभर अंतरावर. टोस्टला लोणी लावत होते, नेहमीसारखं अगदी कडेपर्यंत. तू ते वाक्य बोललीस आणि त्यांची सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली. तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं.

जावईबापूंना म्हणावं, कुंड्यांना पाणी घालत राहा. तुला सांगितलं तर तू त्यांनाच सांगशील, म्हणून मधला टप्पा गाळला.

तुझी,
आई

गुरुवार, ६ मे
तेच हॉटेल

प्रिय शिपाई,

काल पहिला किल्ला झाला. काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू त्याचा वेगळाच अर्थ लावशील.

आमच्या सहलीचा म्होरक्या गळ्यात शिट्टी घालून फिरतो. बसमध्ये चढायला शिट्टी, उतरायला शिट्टी, लघवीला जाऊन यायला शिट्टी. मी त्याला शिट्टीवालाच म्हणते, तोंडावर. तर शिट्टीवाल्याने आम्हाला किल्ल्याच्या दारात उभं केलं आणि तिथल्या गाइडची वाट बघायला लावली. ऊन चढलं. लोक कुरकुरायला लागले. तेवढ्यात तुझ्या बाबांनी सदऱ्याची बाही सारखी केली, घसा खाकरला, आणि तो आवाज निघाला. आठवतो ना तुला तो? ओरडल्यासारखा नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत जाणारा.

“मंडळी, जरा जवळ या. मागच्यांना ऐकू येतंय? लहान मुलांचे हात धरा, मोठी माणसं हरवली तर आमची हरकत नाही.”

लोक हसले आणि जवळ आले. आणि तुझे बाबा वळले, म्हणजे किल्ल्याकडे पाठ केली आणि लोकांकडे तोंड, आणि निघाले की चालत! उलटे. घरी न्हाणीघर कुठे ते रोज विचारणारा माणूस, अनोळखी दगडांवरून टाचांनी चाचपत, एकदाही मागे वळून न बघता. मी हाक मारली नाही.

आता, सांगत होते ते अर्थातच आपल्या किल्ल्याचं. वेढा, आटलेली विहीर, उपाशी शिबंदी, आणि तरी न उघडलेलं दार. शब्दही तेच. मी इस्त्री करताना, तू गृहपाठ करताना, आपण दोघींनी ऐकलेले. मग एका रुंद, गाडी वर जाईल अशा जिन्याशी येऊन थांबले आणि म्हणाले, “आता हा राणीसाहेबांचा जिना. इतका अरुंद का? तर राजा-राणीचं भांडण व्हायचं, दोघं जिन्यात समोरासमोर यायची, आणि एकाला उलट पावली मागे सरावं लागायचं. इतिहासाला ठाऊक आहे मंडळी, राणीसाहेब कधी मागे सरल्या नाहीत!”

हशा. तो रुंद जिना बघून जास्तच हशा. लोकांना वाटलं, तोच विनोद आहे. तेवढ्यात खरा गाइड धापा टाकत आला. लालबुंद. म्हणाला, “आजोबा, इथे राणी नव्हतीच. हा धर्मगुरूंचा किल्ला होता. त्यांची लग्नंच होत नसत!”

तुझ्या बाबांनी त्याच्याकडे अगदी प्रेमाने पाहिलं. “राणी नव्हती असं तुम्हाला सांगितलं कुणी? धर्मगुरूंनीच ना?”

एक बाई हसता हसता माझ्या खांद्यावर पडली. गाइडने आमच्याशी वैर धरलं ते शेवटपर्यंत.

तू म्हणशील, हेच तर मी सांगतेय, आई. ते कुठे आहेत हेच त्यांना कळत नाही. बरोबर. जागा चुकतेय. पण गोष्ट चुकलेली नाही, तोल चुकलेला नाही, विनोदाची वेळ तर केसभरसुद्धा चुकलेली नाही. म्हणून मी तुझ्याशी पैज लावते, आणि लेखी लावते. आमचा शेवटचा मुक्काम आपला किल्ला आहे. म्हणूनच तर मी ही सहल निवडली. येत्या गुरुवारी, तेरा तारखेला, सकाळची पहिली फेरी. आम्ही ते गाव सोडून तुझ्याजवळ आलो, त्यानंतर ते तिथे गेलेच नाहीत. तिथे त्यांचा शब्द न् शब्द बरोबर असेल. तू ये. तिकीट खिडकीवर ठेवते. तिथे त्यांनी फेरी करून दाखवली, तर ती खाट दुसऱ्या कुणाला दे. नाही दाखवली, तर तुझ्या कागदांवर मी तिथेच, तोफेवर कागद ठेवून सही करेन.

बघू कोण मागे सरतं.

आई

शनिवार, ८ मे
दुसरं हॉटेल, खिडकीशी टेबल आहे

प्रिय शिपाई,

अक्षर वेडंवाकडं आहे ते बसच्या धक्क्यांमुळे. डाव्या हाताने कागद नीट धरता येत नाही. काळजीचं काही नाही.

काल चर्च पाहिलं. उंच, गार, आत गेल्यावर माणूस आपोआप कुजबुजायला लागतो तसं. मी बाकावर बसले आणि पाठ आपसूक ताठ झाली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर मागून पट्टी लावून पाठ तपासायच्या. मूर्ती, रंगीत काचा, दगडात कोरलेले झोपलेले सरदार, त्यांच्या पायाशी दगडी कुत्रे. बसमधल्या बायका विचारत होत्या, गुडघे टेकायचे का? मी म्हटलं, टेकता येत असतील आणि परत उठता येत असेल तर टेका. चर्चमध्ये गुडघे टेकायला मला मदरनी शिकवलं. बाहेर कुणापुढे टेकायचे नाहीत हे मी माझं शिकले.

मी जरा डोळे मिटले, आणि तेवढाच काय तो माझा निष्काळजीपणा. तुझ्या बाबांना त्या जाड भिंती आणि बारीक खिडक्या बघून वाटलं, हे आपलं दारूगोळ्याचं कोठार. आणि कोठारात एक बाई मेणबत्ती लावतेय!

“बाई! विझवा ती! सगळे उडू!”

आणि त्यांनी फुंकायला सुरुवात केली. एक रांग विझवली, दुसरी विझवली. ती बाई किंचाळली. चर्चचा राखणदार धावत आला. तुझे बाबा त्याला म्हणतात, “तुम्ही इथे नवीन दिसता. काडेपेटी आहे का खिशात? काढा बाहेर.” आणि त्या बिचाऱ्याने खरंच काढून दिली.

मी त्या दोघांची माफी मागितली. बाईची मनापासून, राखणदाराची रीत म्हणून. मग तीच काडेपेटी घेऊन एकेक मेणबत्ती पुन्हा लावली. कुणाची प्रार्थना कुठली ते देवाने पाहून घ्यावं, त्याचं कामच आहे.

बसमध्ये शिट्टीवाला माझ्याशेजारी येऊन बसला, मऊ आवाजात. आवाज मऊ झाला की मला कळतं, समोरचा काहीतरी काढून घ्यायला आलाय.

“मावशी, उद्यापासून काकांना बसमध्येच बसवलं तर? एसी चालू ठेवतो. पेपर देतो वाचायला.”

“तू बस. तुला देते पेपर.”

“तसं नाही हो. बाकीच्यांनी तक्रार केली तर…”

समोरून त्या पुढच्या सीटवाल्या, म्हणजे मांडीवर येणाऱ्या बाई ओरडल्या, “तक्रार कुणाची? आम्ही तर उद्या कुठे काय सांगतात त्याची वाट बघतोय!” तेव्हापासून मी त्यांना सीट मागे घ्यायला पूर्ण मुभा दिली आहे.

शिट्टीवाला जाता जाता म्हणाला, तुमच्या मुलीचा ऑफिसात फोन आला होता. मी म्हटलं, येणारच, ती फार जबाबदार आहे. हे मी टोमणा म्हणून म्हटलं नाही. थोडंसंच म्हटलं.

झोप बरी लागते. खुर्ची दाराला लावून ठेवली की बरी लागते.

आई

रविवार, ९ मे

शिपाई,

पोलिस?

मी अंड्याचं कवच फोडत होते आणि माझ्या टेबलाशी हवालदार उभा. हातात फोन, फोनवर तुझ्या लग्नातला माझा फोटो, खाली ‘बेपत्ता ज्येष्ठ दांपत्य’. निदान फोटो तरी बरा निवडायचास. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. मेल्यानंतर वापरायला ठेवलेला दिसतो.

“आजी, तुम्ही इथे स्वतःच्या मर्जीने आला आहात का?”

“मी लग्नसुद्धा स्वतःच्या मर्जीने केलं. तेव्हाही घरच्यांनी पोलिसात जायची धमकी दिली होती. तुमचं खातं तेव्हा यायला उशीर झाला.”

बिचारा हसला. मग तुझ्या बाबांकडे वळला. मी अंडं बाजूला सरकवलं. कारण आजची सकाळ काही चांगली नव्हती. मोज्यांवरून आमचं वाजलं होतं, आणि मी कोण हेही एकदा विचारून झालं होतं.

“आजोबा, तुम्ही कुठे निघालात?”

तुझ्या बाबांनी त्याचा गणवेश पाहिला, पट्टा पाहिला, बूट पाहिले. उठून उभे राहिले.

“ड्यूटीवर,” म्हणाले. “तुम्ही?”

“मीपण ड्यूटीवरच, साहेब.”

“मग उभे का? चहा घ्या.”

हवालदाराने चहा घेतला, बाबांना सलाम ठोकला आणि तुला ‘सुखरूप’ असं कळवतो म्हणाला. कळवलं असेलच. माझ्या मनगटाला पट्टी का, हेही त्याने विचारलं. मी सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. ते कळवलं असेल तर तेही खरं धर, सध्यापुरतं.

आई

मंगळवार, ११ मे
तिसरं हॉटेल, लिफ्ट बंद

प्रिय शिपाई,

तू हुशार आहेस. खिडकीशी टेबल असलेल्या खोलीत बसचे धक्के बसत नाहीत, हे तू तेव्हाच ओळखलं असशील. ओळखून वर जावयाला म्हणालीही असशील, “बघ, काहीतरी लपवतेय.” हो, लपवत होते. आता सांगते, कारण दुसऱ्याने सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं.

शुक्रवारी सकाळी मी अंघोळीला निघाले. बाथरूमच्या दारात एक उंच पायरी होती. मी त्या पायरीवर उभी राहून टॉवेल घेत होते आणि मागून त्यांनी माझा हात धरून असा हिसका दिला की मी जमिनीवर. डोळ्यांसमोर काजवे. आणि ते माझ्यावर ओरडत होते, थरथरत, “बाई, दोरीच्या अलीकडे राहायला सांगितलं ना! खाली दरी आहे!”

मुका मार आहे, मोडलेलं नाही. डॉक्टरला दाखवलं.

आता तू उठशील आणि म्हणशील, हेच, हेच मी सांगत होते! उद्या डोकं आपटेल. बरोबर आहे तुझं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण नुसतं ‘बाबांनी आईला पाडलं’ एवढंच सांगत फिरू नकोस. पूर्ण वाक्य सांग. त्यांनी एका अनोळखी बाईला दरीत पडण्यापासून वाचवलं. ती बाई मी होते आणि दरी नव्हती, एवढाच फरक.

आज स्मारक होतं. मोठं पटांगण, काळा दगड, दगडावर नावंच नावं, वरपासून खालपर्यंत. लोक आपोआप टोप्या काढत होते. मी तुझ्या बाबांचा दंड घट्ट धरून ठेवला होता. आज नको, असं मी शंभरदा पुटपुटले. इथे हसू नको, राणी नको, जिना नको. पण काही उपयोग झाला नाही. घसा खाकरला.

विनोद मात्र त्यांनी एकही केला नाही. ते त्यांना कसं कळलं, तू सांग. काहीही कळत नाही ना त्यांना! आवाज खाली आणला आणि सरळ वेढ्याचा शेवट सांगायला घेतला. विहीर आटली. घोडे कापून खाल्ले. बाहेरून निरोप आला की दार उघडा, जीव देतो. “आणि मंडळी, दार उघडलं नाही. आतून कुणीही कडीला हात लावला नाही.”

दगडाशी एक म्हातारी बसली होती, आमच्या बसमधली नव्हे, घडीची खुर्ची स्वतः घेऊन आलेली. मांडीवर फुलं. ती पुढे झुकून ऐकत होती. मला धडकी भरली. तिच्या घरातलं कुणीतरी त्या दगडावर आहे आणि आम्ही तिला भलत्याच लढाईची गोष्ट सांगतोय. मी तिच्याजवळ गेले, सांगायला, की माफ करा, माझे यजमान आजारी आहेत, ही गोष्ट इथली नाही.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “इथली कशी असेल? माझा भाऊ वर आहे ना, त्या तिसऱ्या ओळीत. लढाईला तोंड लागायच्या आधीच छावणीत जुलाबाने गेला. बंदूकसुद्धा हातात मिळाली नव्हती.”

मी तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले. या गुडघ्यांनी! तुला कल्पना येते ना?

“दरवर्षी येते मी,” ती म्हणाली. “मंत्री येतात, भाषण करतात, घड्याळ बघतात, जातात. इतक्या वर्षांत खाली उभं राहून गोष्ट सांगणारा हा पहिलाच. सांगू द्या हो त्यांना. माझ्या भावाला गोष्टी फार आवडायच्या.” आणि तिने आपल्याकडची चार फुलं काढून तुझ्या बाबांना दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात खोचली आणि तिला विचारलं, “मागे ऐकू येत होतं ना?”

तर, शिपाई, परवा गुरुवार. पैज कायम आहे. मनगट असं असूनही कायम आहे. तिकीट खिडकीवर ठेवलंय, ‘शिपाई’ या नावाने.

आई

गुरुवार, १३ मे
किल्ल्याच्या आतलं उपाहारगृह

प्रिय शिपाई,

तू आली नाहीस. जावईबापू आले. पहाटे निघाले असणार, शर्टाची गुंडी खालीवर लागली होती. तू त्यांच्याबरोबर कागद पाठवलेस आणि पेनही पाठवलंस. पेन कशाला? इथे गिफ्टशॉपमध्ये मिळतं, किल्ल्याचा आकार असलेलं.

आता ऐक. सगळं जसं झालं तसं.

दारातलं लिंबाचं झाड गेलं. तू दाराची शिपाई होऊन ज्या स्टुलावर कागदी टोपी घालून बसायचीस आणि रविवारी लोकांची तिकिटं फाडायचीस, तिथे आता मशीन आहे, काचेचं फाटक आपोआप उघडतं. गाइड म्हणून एक मुलगी, तुझ्याहून बरीच लहान, गालाला माईक चिकटवलेला. मी तिला आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं: हे गृहस्थ बोलायला लागले तर मधे पडू नकोस. ती म्हणाली, “ते कोण आहेत हे मला माहीत आहे. आमच्या सरांना त्यांनीच शिकवलं.” आणि तिने माईक काढून हातात घेतला. त्यांना द्यायला.

मी जावयाला म्हटलं, आता बघा.

तुझे बाबा दारात उभे राहिले. मी वाट बघतेय, बाही कधी सारखी करतात, घसा कधी खाकरतात. काही नाही. मुलगी वाट बघतेय. बसमधली सगळी वाट बघतायत. शिट्टीवालासुद्धा. आणि तुझे बाबा नुसते मान वर करून बघत राहिले. दाराकडे, दारावरच्या बुरुजाकडे, बुरुजावरच्या आभाळाकडे.

“केवढा मोठा आहे हो,” मला म्हणाले.

बस. एवढंच. मग मुलीने माईक परत लावला आणि फेरी सुरू केली. वेढा तिने सांगितला. विहीर तिने सांगितली. तुझे बाबा पहिल्या रांगेत, हात पाठीमागे बांधून, शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. विहीर आटली तेव्हा त्यांनी चक् चक् केलं. दार उघडलं नाही तेव्हा मला कोपर मारून म्हणाले, “ऐकलंत?” मी पैज हरत होते, पायरीपायरीने हरत होते. जावईबापूंनी माझ्या हातातली पिशवी घेतली. तू माणूस चांगला निवडलास, तेवढं मी कधी म्हटलं नव्हतं, आता म्हणते.

मग माझ्या लक्षात आलं. ती मुलगी उलटी चालत होती. किल्ल्याकडे पाठ, आमच्याकडे तोंड. आणि तुझे बाबा सुलटे. अगं, या माणसाने हा किल्ला पाहिलाच नव्हता! नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून चालले. लोकांचे चेहरे पाहिले, कोण दमलंय, कुणाचं पोर दोरीजवळ गेलंय, ते पाहिलं. आणि मी? एक्स्चेंजमधल्या माझ्या ड्यूट्या रविवारी. सगळी फेरी मला इस्त्रीच्या टेबलाशीच पाठ झालेली. किल्ल्यात त्यांच्या शेजारून मी कधी चाललेच नव्हते.

मुलीने राणीच्या जिन्याचा विनोद सांगितला. तोच, शब्दाला शब्द. तुझे बाबा इतके हसले की ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, “हे कुणी रचलं असेल हो? फार भारी.”

“असेल कुणी तरी मिश्कील माणूस,” मी म्हटलं.

“तुम्ही इथे पहिल्यांदाच?”

“हो. तुमच्याबरोबर पहिल्यांदाच.”

“मीपण,” ते म्हणाले.

फेरी संपली आणि त्या जिन्याने खाली उतरायचं होतं. तुला आठवतो, झिजलेला, उभा, एका वेळी एकच माणूस. माझा एक हात पट्टीत आणि गुडघे असे. मी वरच्या पायरीवर अडून राहिले. जावईबापू पुढे यायला लागले, तोवर तुझे बाबा माझ्यापुढे सरकले, वळले, जिन्याकडे पाठ केली, आणि दोन्ही हात माझ्याकडे पसरले.

“सावकाश, बाई. माझ्याकडे बघा. खाली बघू नका.”

एकेक पायरी टाचेने चाचपत ते उलट पावली उतरले आणि मी त्यांच्याकडे बघत उतरले. माझं दुखरं मनगट त्यांनी धरलं नाही, कोपर धरलं. खाली पोचल्यावर बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या बाबांनी मागे वळून पाहिलं, कुणासाठी वाजतायत ते बघायला.

तर पैज मी हरले. त्यांनी फेरी करून दाखवली नाही. कबूल. जावईबापूंनी कागद काढले, अगदी लाजत. मी म्हटलं, ठेवा आत. मी सही करत नाही.

शब्द मोडला म्हणशील. मोडला. हयातभर मी शब्द पाळला, एक मोडायला शिल्लक असायलाच हवा होता. त्यांना काय कळतं आणि काय नाही याची परीक्षा घ्यायला मी निघाले, ही चूक झाली, कारण परीक्षा घ्यायची हौस तुझी होती आणि मी ती तुझ्या वतीने घेत बसले. काल आठवत होतं ते आज नाही आठवलं म्हणून माणसाला आकड्यांच्या कुलपात ठेवायचं नाही. एवढं माझं ठरलं.

तू घाबरतेस ते मला कळतं. म्हणून ऐक, मी हट्टी आहे, वेडी नाही. दिवसा मदतीला एक बाई ठेवायची. मी तिच्याशी भांडेन, पण ठेवेन. बाथरूमला कठडे बसवायचे. दर रविवारी तू यायचंस, पाहुणी म्हणून नाही, मला दुपारभर झोप मिळावी म्हणून. आणि मला पुढे झेपेनासं झालं तर मी तुला स्वतः फोन करेन. ती वेळ मी ठरवणार, तुझी राखून ठेवलेली खाट नाही. खाट आजच सोड. कुणाला तरी गरज असेल.

आम्ही लगेच घरी येत नाही. शिट्टीवाला म्हणतो, पुढच्या गावी अजून एक किल्ला आहे, कार्यक्रमात नाही, पण बसमधल्या सगळ्यांनी मत दिलंय. जावईबापूही येतायत, त्यांनी ऑफिसात काय सांगितलं ते मला विचारू नकोस.

हे पत्र इथूनच पोस्टात टाकते. आत तुझं तिकीट ठेवलंय, आजचंच. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, परत करायचं का? मी म्हटलं नाही. तारीख गेली तरी ती मुलगी आत सोडेन म्हणाली आहे, मी विचारून ठेवलंय. फाडलेलं नाही. इथे ते फाडायचं काम तुझंच होतं.

तुझी,
आई